वळूला दाखला, पगला फक्त फोटो

आमच्या चिकूला पहिलं स्थळ आलं तेव्हा तो पावणेदोन वर्षांचा होता. नागपुरातल्याच एका बाईंचा फोन. त्यांच्या घरी पगची मादी होती, ती हीटवर येऊन अकरा दिवस झाले होते, आणि ओळखीतून कुणीतरी आमचा नंबर दिला होता. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, वंशावळीचे पेपर आहेत का? रंग फॉन, म्हणजे फिकट बदामी, की काळा? आणि तोंड ‘पंच फेस’ आहे ना? पंच फेस म्हणजे ठोसा मारून आत ढकलल्यासारखं सपाट तोंड. पगचा भाव बाजारात त्यावरच ठरतो. मी फोटो पाठवला, तो पसंत पडला. पैसे नकोत, होणाऱ्या पिल्लांतलं एक आम्हाला द्यायचं, असं ठरलं. या धंद्यातली ती रीतच आहे. आईने चिकूला आंघोळ घालून तीटसुद्धा लावली.

पाच पिल्लं झाली. आमच्या वाट्याचं आम्ही बारा हजारांना दिलं आणि त्या पैशांत कूलर बदलला. पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आलं. तेही आम्ही नाकारलं नाही.

चिकू सहा वर्षांचा असताना, मे महिन्यात, सकाळी आठ वाजता फाटकापासून शंभर पावलांवर कोसळला. जीभ निळी पडली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, अंग थंड केलं, वाचवलं. मग विचारलं, ‘‘घोरतो का हा?’’ आम्हाला हसूच आलं. घोरतो म्हणजे काय, त्याच्या घोरण्याचे व्हिडिओ आम्ही नातेवाइकांना पाठवायचो! डॉक्टर हसले नाहीत. नाकपुड्या जन्मापासून चिरेएवढ्या, टाळूचा मऊ पडदा घशात लोंबतोय, इतकी वर्षं हा एकेक श्वास ओढून घेतोय, असं त्यांनी सांगितलं. आणि फाइल मिटता मिटता म्हणाले, ‘‘याच्याकडून पिल्लं घेतली नाहीत ना?’’

हा प्रश्न वेळेवर मला कुणीच विचारला नव्हता. मादीच्या मालकिणीने नाही, पेपर देणाऱ्या संस्थेने नाही, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःलाही नाही. ‘ब्रीडर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यांची रांग, अमोनियाचा वास आणि हाडं निघालेल्या माद्या येतात. तसले लोक आहेतच. पण पग, शिह त्झू, पॉमेरेनियन, चिवावा या छोट्या जातींची पिल्लं फार मोठ्या संख्येने टू बीएचकेमध्ये जन्मतात. ‘एकदा तरी आई होऊ दे तिला’ म्हणणाऱ्या सुशिक्षित घरांत. ते घर स्वतःला ब्रीडर म्हणवत नाही. मीही म्हणवत नव्हतो. दोन माद्यांना नर दिला, मोबदल्यात पिल्लू घेतलं, ते विकलं. याला दुसरं काय नाव आहे?

पग आपल्याकडे कसा आला हे वेगळं सांगायला नको. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला, आणि पाहता पाहता तो घराघरांत पोचला. कंपनीचं नाव बदललं तरी आमच्या गल्लीत अजून त्याला ‘व्होडाफोनवाला कुत्रा’च म्हणतात. मागणी वर्षभरात दहापट वाढू शकते, वंशावळ वर्षभरात रुंद होत नाही. मग जे नर-माद्या हाताशी असतील त्यांच्याच आपसात जोड्या लागतात. जिथे पग शंभराहून जास्त वर्षं नोंदवहीत आहे त्या ब्रिटनमध्येही परिस्थिती फार बरी नव्हती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ साली केनेल क्लबच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा तिथल्या सुमारे दहा हजार पगांमधलं अनुवंशिक वैविध्य अवघ्या पन्नास वेगळ्या प्राण्यांइतकं भरलं. आपल्याकडे लग्न ठरवताना गोत्र विचारतात. (त्यातून जनुकांविषयी किती कळतं, हा वादाचा विषय; कारण त्याच घरांत मामाची मुलगी चालते.) कुत्र्याच्या बाबतीत आपण तेवढंही विचारत नाही. ‘दोघं एकाच ब्रीडरकडची आहेत’ हे तर लोक कौतुकाने सांगतात.

नात्यातल्या जोड्या का वाईट, हे नैतिकतेतून नव्हे, साध्या गणितातून कळतं. बरेच अनुवंशिक दोष लपून राहणारे असतात. सदोष जनुकाची एकच प्रत असेल तर कुत्रा ठणठणीत दिसतो, डॉक्टरही त्याला निरोगी म्हणतील. असे दोन ठणठणीत वाहक एकत्र आले की प्रत्येक पिल्लामागे चारात एक एवढी शक्यता असते की त्याला दोन्ही प्रती सदोष मिळतील. टॉय पूडलमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक रोग असाच उतरतो. आई-बाप दोघंही उत्तम पाहणारे, पिल्लू मात्र चार-सहा वर्षांत फर्निचरला धडकायला लागतं. या रोगाची डीएनए चाचणी आहे. केली तर वाहक कळतो, आणि त्याची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू आंधळं होत नाही.

पगचं दुखणं मात्र लपलेलं नाही, ते तोंडावरच आहे. विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला पग शेजारी बसवला आहे. त्या कुत्र्याला चांगलं पुढे आलेलं नाक आहे, पाय लांब आहेत. नंतरच्या पिढ्यांत माणसांनी निवडून निवडून कवटीचं हाड आखूड केलं. आतलं मांस, टाळू, जीभ, दात मात्र त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. मोठ्या घरातलं सामान एका खोलीत कोंबावं तसं सगळं त्या छोट्या कवटीत कोंबलं गेलं. कुत्र्याला घामाने अंग गार करता येत नाही, तो धापा टाकून गार होतो. आणि धाप टाकण्याचीच वाट अरुंद. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ साली ४,३०८ पग आणि २१,८३५ इतर कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी ताडून पाहिल्या. वर्षभरात कोणता तरी आजार होण्याची शक्यता पगमध्ये जवळजवळ दुप्पट निघाली, आणि आखूड तोंडामुळे होणाऱ्या श्वसनविकाराची सुमारे ५४ पट. हा अभ्यास इंग्लंडच्या हवेतला. नागपूरच्या मे महिन्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

याच कॉलेजचा २०१२ सालचा दुसरा एक अभ्यास मला जास्त बोचतो. ज्या कुत्र्यांना श्वसनाचा त्रास असल्याचं निदान झालं होतं, त्यांच्या मालकांना ‘तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का’ असं विचारलं. ५८ टक्के मालकांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. त्यांना धाप दिसत होती, घोरणं ऐकू येत होतं. या जातीचं असंच असतं, अशी त्यांची समजूत होती. आमच्या व्हिडिओंसारखीच.

बाकीच्या छोट्या जातींची दुखणी वेगळी. पॉमेरेनियनच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. चालता चालता तो मध्येच तीन पायांवर उड्या मारतो, मग पुन्हा नीट चालतो, आणि आपण म्हणतो काय नाचतोय बघा. चिवावाच्या पिल्लाची डोक्यावरची टाळू कधी कधी भरतच नाही. काहींची श्वासनलिका चपटी होते आणि बदक ओरडल्यासारखा खोकला येतो. घशात काही अडकलं असेल म्हणून घरचे पाठीवर थोपटत बसतात. ‘टीकप’ म्हणून जे दुप्पट भावाला विकतात, ते पुष्कळदा त्या वेतातलं सर्वांत अशक्त पिल्लू असतं. आमच्याकडे म्हशीच्या कृश रेडकाला कुणी जास्त पैसे दिले असते तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं.

रेडकावरून आठवलं. माझे काका भंडारा जिल्ह्यात दूध घालतात. त्यांची गाय माजावर आली की ते दवाखान्यात निरोप देतात, रेतमात्रेची कांडी येते, काम होतं. त्या कांडीवर वळूचा क्रमांक असतो, केंद्राचं नाव असतं. त्या वळूविषयी सरकारने किमान मानकं ठरवलेली आहेत. क्षय, ब्रुसेलोसिस यांच्या चाचण्या तर आहेतच, पण होल्स्टीन आणि संकरित वळूंच्या अनुवंशिक रोगांच्याही आहेत: ब्लॅड, डम्प्स, सिट्रुलिनेमिया, रक्त गोठवणाऱ्या अकराव्या घटकाची कमतरता. रंगसूत्रं तपासायची ती वेगळीच. दोष सापडला तर तो वळू कितीही देखणा असो, केंद्रावर राहत नाही. एवढं सगळं कशासाठी, तर अल्पभूधारकाच्या दारात पोचणाऱ्या काही रुपयांच्या कांडीसाठी. आणि आम्ही पंचवीस हजारांच्या पिल्लासाठी काय पाहतो? फोटो.

ही शिस्तही ठेच लागल्यावरच आली. ऑसबर्नडेल आयव्हॅनहो नावाचा एक अमेरिकन होल्स्टीन वळू १९५२ साली जन्मला. त्याच्या वंशात दूध उत्तम, म्हणून त्याच्या मुलानातवांच्या रेतमात्रा जगभर गेल्या. त्यांच्याबरोबर ब्लॅडचा दोषही गेला. या रोगात वासराच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला जागेवर पोचतच नाहीत; वासरू साध्या संसर्गाने खंगत मरतं. १९९० च्या सुमारास चाचणी सापडली तेव्हा अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले. त्यानंतर वाहक वळू बाजूला काढले गेले आणि काही वर्षांत हा रोग जवळपास नाहीसा झाला. दूधवाल्यांनी हे प्राणिप्रेमापोटी केलं नाही. मेलेलं वासरू तोट्यात जातं म्हणून केलं. कुत्र्याच्या बाबतीत तोटा ब्रीडरचा होतच नाही. पिल्लू दोन महिन्यांचं असताना विकलं जातं, गुडघा, काळीज, श्वास पुढे बिघडतात. बिल येतं घेणाऱ्याला. भोगतो कुत्रा.

माझं म्हणणं यातूनच येतं: जबाबदारीची सुरुवात नरापासून करा. एक मादी वर्षाला एक वेत देईल. मागणी असलेला एक नर वर्षाला वीस-वीस माद्यांना दाखवला जातो. प्रत्येक फ्लॅटमध्ये जाऊन मादी तपासणं कोणत्याही सरकारला जमणार नाही. गायींच्या बाबतीतही काकांच्या गोठ्यात येऊन गायीचं रक्त कुणी जनुकांसाठी नेलं नाही. वळू तपासला, तेवढ्याने पुष्कळ साधलं. मेटिंगला नर देणारा प्रत्येक जण नोंदणीकृत असावा, नराच्या मायक्रोचिपशी त्याचा तपासणीचा दाखला जोडलेला असावा, दाखला नसेल तर त्याच्या पिल्लांना केसीआयचे पेपर मिळू नयेत, आणि एका नराच्या किती वेतांची नोंद होईल याला कमाल मर्यादा असावी. असा नियम तेव्हा असता तर चिकू पहिल्याच पायरीवर गळला असता. गळायलाच हवा होता.

तपासण्या महाग आहेत, हे ब्रीडरांचं पहिलं उत्तर असतं. कोणत्या? गुडघ्याची वाटी सरकते का हे डॉक्टर हाताने पाहतात, त्याला यंत्र लागत नाही. पगच्या श्वासासाठी केंब्रिज विद्यापीठाने केनेल क्लबबरोबर २०१९ साली जी पद्धत आणली, तीत आधी स्टेथोस्कोप लावायचा, मग कुत्र्याला तीन मिनिटं भरभर चालवायचं, पुन्हा स्टेथोस्कोप लावायचा आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची. तीन श्रेणीच्या कुत्र्याकडून पिल्लं घेऊ नयेत, असा सल्ला आहे. तीन मिनिटं आणि एक कॉरिडॉर! आमच्या नागपुरातच पशुवैद्यक विद्यापीठ आहे, मुंबईत परळला १८८६ पासून चालत आलेलं महाविद्यालय आहे. दर महिन्याचा एक शनिवार ठेवला तरी दाखले देता येतील.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे: ‘‘गिऱ्हाईक पंच फेस मागतं, लांब नाकाचं पिल्लू कुणी घेत नाही.’’ यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. मीही पंच फेसच घेतला होता. पण गिऱ्हाईक भेसळीचं स्वस्त दूधही मागतं. म्हणून ते विकायचा हक्क मिळत नाही. जोडी कुणाची कुणाशी लावायची हा निर्णय जो घेतो, माहिती ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर पहिली जबाबदारी. घेणाऱ्याची दुसरी. ती एवढीच, की पिल्लाच्या आधी आई-बापाला चालताना आणि धापा टाकताना पाहावं. आई दाखवत नसतील तर उठून यावं.

‘गावठी कुत्र्यांना काय रोग होत नाहीत?’ असंही विचारतात. होतात. पार्वो, डिस्टेंपर, गोचीडताप. लस आणि औषधाने टळणारे. जोडी लावतानाच ठरवून दिलेला रोग ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. मे २०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांविषयी नियम काढले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय पिल्लं नाहीत, पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विक्री नाही. चांगले नियम आहेत. पण त्यांचा भर पिंजरा, वय, अन्न, स्वच्छता यांवर आहे. कोणत्या जातीत कोणती अनुवंशिक तपासणी करायची, याची यादी त्यात नाही. स्वच्छ पिंजऱ्यात, योग्य वयात, भरल्या पोटी, श्वास न घेता येणारं पिल्लू जन्माला घालता येतं.

युरोपात दोन रस्ते दिसतात. नेदरलँड्सने २०१९ पासून आपल्या कायद्याची कडक अंमलबजावणी सुरू केली: नाकाची लांबी कवटीच्या लांबीच्या किमान एक तृतीयांश हवी, नसेल तर त्या कुत्र्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत. नॉर्वेत एक प्राणिमित्र संघटना कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि इंग्लिश बुलडॉग यांच्या प्रजननाविरुद्ध कोर्टात गेली, आणि कॅव्हलियरच्या बाबतीत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकली. बंदीची भाषा आपल्याला आवडते, पण इथे तिचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. बंदी आली की व्यवहार आणखी आडोशाला जाईल आणि ‘विदाउट पेपर’चा भाव वाढेल.

मला डेन्मार्कचं उदाहरण पटतं. कॅव्हलियरच्या हृदयाची झडप लहान वयात गळू लागते, ही त्या जातीची जुनी पीडा. स्वीडनने २००१ मध्ये आणि डेन्मार्कने २००२ मध्ये प्रजननाआधी हृदयतपासणीचा कार्यक्रम सुरू केला. स्वीडनचा भर स्टेथोस्कोपवर होता. पुढे पाहणी झाली तेव्हा रोगात घट दिसली नाही. डेन्मार्कने तपासणी सक्तीची केली आणि तिला सोनोग्राफीची जोड दिली. दहा वर्षांनी पाहिलं तर तिथल्या केनेल क्लबच्या कुत्र्यांत हा रोग होण्याचा धोका ७३ टक्क्यांनी उतरला होता. शेजारचे देश, तीच जात, तोच हेतू. नुसता कार्यक्रम जाहीर केल्याने काही होत नाही, तपासणी कोणती आणि किती सक्तीची यावर सगळं अवलंबून आहे. आणि जात बुडवण्याची गरजही पडली नाही.

‘विकत घेऊ नका, दत्तक घ्या’ म्हणणाऱ्या मित्रांशी माझं इथेच बिनसतं. चिकूनंतर आम्ही रस्त्यावरचीच एक कुत्री आणली, त्यामुळे दत्तकाच्या बाजूने मी आहेच. पण सगळे ब्रीडर सारखेच पापी ठरवले की जो गुडघे तपासतो, दोन वर्षं थांबतो, मोजकीच वेतं घेतो, तो आणि शिडशिडीत मादीला दर हीटला लावणारा, दोघं एकाच रांगेत बसतात. मग पहिल्याने तसं का राहावं? असे लोक थोडे आहेत, पण आहेत. त्यांचं पिल्लू महाग पडतं, आणि गिऱ्हाईक त्यांच्याशी घासाघीस करून शेवटी ऑनलाइन फोटो पाहून दुसरीकडे जातं.

चिकूचं ऑपरेशन झालं. नाकपुड्या मोठ्या केल्या, टाळूचा पडदा कापला. त्यानंतर तो चार वर्षं जगला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज न करता झोपला. त्या शांततेने आई दोन-तीनदा दचकून उठली होती.

ऑपरेशननंतर मी त्या पहिल्या बाईंना फोन केला. पिल्लांच्या घरी कळवावं, तपासून घ्या म्हणावं, एवढाच हेतू. त्यांना सगळं आठवत होतं. पाचांतलं एक आमच्याकडे आलेलं. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेलं, ‘‘ऊन लागलं त्याला.’’ दोन कुठे आहेत त्यांना माहीत नव्हतं, घर बदललं असेल म्हणाल्या. आणि एक मादी त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती. मी तिच्या श्वासाबद्दल विचारलं. ‘‘छान आहे हो, घोरते फक्त,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यंदाही चार झाली तिला. अगदी पंच फेस. आठवड्यात गेली सगळी.’’